अहिंसेचे शिक्षण: शिबिर, तालीम आणि मोहल्ला

तरुणांना अहिंसा शिकवता येते काय, आणि येत असेल तर ती वर्गात शिकवावी की वस्तीत, या प्रश्नाचा शोध भारतात गेली साधारण शंभर वर्षे चालू आहे, आणि त्याची उत्तरे देऊ पाहणारे बहुतेक महत्त्वाचे प्रयोग शाळेच्या भिंतींबाहेर झालेले आहेत. आश्रम, सेवा दलाची शाखा, अमेरिकेतील चर्चचे तळघर, दंगलीनंतर उभी राहिलेली मोहल्ला समिती, ग्रामसभेचा अभ्यासगट अशा जागी हे शिक्षण आकाराला आले. या लेखात 'समाजाधारित अहिंसा-शिक्षण' ही संज्ञा अशाच व्यापक अर्थाने वापरली आहे: वस्ती, गाव, संघटना किंवा धर्मसमुदाय यांच्या आधाराने चालणारे आणि हिंसेला न डगमगता सामोरे जाण्याची, ती थोपवण्याची किंवा स्वतःच्या हातून ती घडू न देण्याची क्षमता तरुणांत निर्माण करू पाहणारे शिक्षण. या प्रयोगांचे उद्दिष्ट मात्र एक नव्हते. काहींना अन्यायाशी झुंजणारा शिस्तबद्ध सत्याग्रही हवा होता, काहींना दंगलीत मध्ये उभा राहणारा शांतिसैनिक, तर अलीकडच्या संस्थांना घरात आणि रस्त्यात स्त्रीवर हात न उगारणारा तरुण घडवायचा आहे. ही उद्दिष्टे वेगळी ओळखली नाहीत की सगळी चर्चा सुसंस्कारांच्या सर्वसाधारण उपदेशापाशी येऊन थांबते, आणि मराठीतले या विषयावरचे पुष्कळसे लेखन तेथेच थांबलेले आहे.

शिक्षणाची गरज पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली ती अपयशातून. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून आतील पोलिसांना ठार केले आणि गांधीजींनी असहकाराची चळवळ ऐन भरात असताना मागे घेतली. त्या निर्णयावर तेव्हा आणि नंतरही कठोर टीका झाली. परंतु अहिंसेची घोषणा स्वीकारलेला जमाव आणि अहिंसेचा सराव केलेले पथक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या घटनेने राष्ट्रीय चळवळीला कायमचे दाखवून दिले. विधायक कार्यक्रमाला, म्हणजे खादी, ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण, सांप्रदायिक ऐक्य, मूलोद्योगातून शिक्षण अशा दैनंदिन कामांच्या मालिकेला, गांधीजींनी जे महत्त्व दिले ते या संदर्भात पाहावे लागते. सशस्त्र उठावासाठी जसे लष्करी शिक्षण लागते तसे सविनय कायदेभंगासाठी विधायक काम लागते, अशा आशयाची मांडणी त्यांनी १९४१ च्या आपल्या पुस्तिकेत केली. १९३० च्या दांडीयात्रेसाठी त्यांनी निवडलेल्या सुमारे ऐंशी जणांच्या तुकडीत बहुतेक आश्रमवासी होते, ही निवड याच विचाराशी सुसंगत होती: पहाटेची प्रार्थना, संडाससफाई, कताई आणि ठरल्या वेळी ठरले काम या दिनक्रमातून ज्यांची पारख झाली होती त्यांनाच पहिल्या फळीत स्थान मिळाले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या दोन घटना शेजारी ठेवल्या तर तयारीचे मोल अधिक स्पष्ट होते. २१ मे १९३० रोजी गुजरातेतील धारासणा येथील मिठागरावर सत्याग्रहींच्या रांगा एकामागून एक पुढे सरकल्या, लाठ्या डोक्यावर घेत कोसळल्या, आणि प्रतिकारासाठी हात उचलला गेला नाही. अमेरिकन वार्ताहर वेब मिलर यांच्या वृत्तांतामुळे ते दृश्य जगभर पोहोचले. त्याआधी दोन आठवडे सोलापुरात पोलिसांच्या गोळीबारानंतर संतापलेल्या जमावाने चौक्या जाळल्या, शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे चौघांना फाशी झाली. सोलापूरकरांचा त्याग धारासणाच्या सत्याग्रहींपेक्षा कमी होता असे कोणी म्हणणार नाही. फरक होता तो एवढाच की धारासणाची माणसे काय होणार हे आधी ठाऊक असलेल्या रांगेत उभी होती, आणि सोलापुरात काय होईल याची तयारी कोणाकडूनच करून घेतलेली नव्हती.

गांधीजींच्या वर्तुळाबाहेरही हेच आढळते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतलेल्या प्रतिनिधींवर, ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून, सवर्णांच्या टोळ्यांनी हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत लष्करात राहून आलेली माणसे होती आणि उलट हल्ला करण्याची त्यांची तयारीही होती, डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले आणि न्यायालयाचा मार्ग धरला. समता सैनिक दलासारखी गणवेशधारी स्वयंसेवकांची संघटना त्याच सुमारास उभी राहिली. वायव्य सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफ्फार खान यांनी १९२१ पासून आझाद शाळा काढल्या आणि १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार संघटना स्थापन केली. तिच्यात भरती होणाऱ्या पठाण तरुणाला सूड न घेण्याची आणि रोज काही वेळ सेवेसाठी देण्याची शपथ घ्यावी लागे, आणि शिबिरांत कवायतीइतकेच झाडलोट, दळण आणि सूतकताई यांना स्थान असे. सूड ही जेथे कुळाची इभ्रत मानली जात होती तेथे शपथ आणि गणवेश यांनी तरुणाला इभ्रतीची दुसरी जागा मिळवून दिली. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळ्या चालल्या तेव्हा ती जागा किती पक्की होती हे दिसले.

महाराष्ट्रात तरुणांच्या अशा संघटित शिक्षणाचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे राष्ट्र सेवा दल. ४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्याची नव्याने बांधणी झाली. संध्याकाळची शाखा, मैदानी खेळ, कवायत, समूहगान आणि बौद्धिक हा साचा पुण्यात आधीच रुजलेला होता. सेवा दलाने तो घेतला आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले आणि मुली एकत्र आणली, हे त्याचे खरे वेगळेपण. १९४२ च्या भूमिगत चळवळीत दलाच्या तरुणांनी उडी घेतली तेव्हा अहिंसेच्या कडक व्याख्येशी त्या चळवळीचा मेळ बसला नाही, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. दलाच्या शिक्षणाची कसोटी लागली ती पाच वर्षांनी. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून तानपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. त्याआधी त्यांनी सेवा दलाच्या तरुणांना आणि कलापथकाला बरोबर घेऊन महाराष्ट्रभर दौरा केला आणि गावोगावी देवळे व पाणवठे खुले करण्याचा आग्रह धरला. त्या दौऱ्यात सामील झालेल्या तरुणाला गावच्या पारावर रात्री पोवाडा आणि संवाद सादर करायचे असत आणि सकाळी त्याच गावातल्या नाखूश वडीलधाऱ्यांच्या ओसरीवर बसून बोलावे लागे. विरोधकाशी न भांडता न हटता बोलणे हे कौशल्य असे प्रत्यक्ष कामात शिकले गेले.

स्वातंत्र्यानंतर विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेनेची कल्पना प्रत्यक्षात आणली. दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक असावा, त्याने एरवी त्या वस्तीची सेवा करावी आणि दंगलीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहावे, अशी ती योजना होती. सेवेतून मिळवलेली ओळख हेच दंगलीतले शस्त्र, हा तिचा गाभा आजही ग्राह्य वाटतो. परंतु प्रत्यक्षातली संख्या संकल्पनेच्या फार मागे राहिली, आणि पुष्कळ शांतिसैनिक वस्तीत रुजण्याऐवजी दंगल उसळल्यावर बाहेरून जाणारे मदतपथक बनले. तरुण शांतिसेना आणि नंतर जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेली छात्र युवा संघर्ष वाहिनी यांनी तरुणांना संघर्षाकडे नेले. हल्ला कसाही झाला तरी आपला हात उठणार नाही, अशा आशयाची घोषणा देत वाहिनीने बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी भूमिहीनांबरोबर दिलेला लढा आणि त्यातून स्त्रियांच्या नावावर झालेली जमीन हे या परंपरेचे ठोस फलित आहे. आणीबाणीच्या आगेमागे सर्वोदय परिवारच दुभंगला आणि शांतिसेनेचे शिक्षण त्या फुटीतून सावरले नाही.

या साऱ्या परंपरेतला सर्वांत बारकाईने नोंदला गेलेला प्रशिक्षणवर्ग मात्र भारतात भरला नाही. तो अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात भरला, आणि त्याचा धागा नागपुरातून गेलेला आहे. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट कार्यकर्ते १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिले. त्यांनी सत्याग्रहाच्या पद्धतीचा अभ्यास येथे केला आणि माँटगोमेरी शहरातील बसबहिष्काराची बातमीही नागपुरातल्याच वृत्तपत्रात वाचली. १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली, किंग यांनी त्यांना तातडीने दक्षिणेत येण्याची गळ घातली, आणि १९५९ मध्ये नॅशव्हिलच्या क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये त्यांच्या साप्ताहिक कार्यशाळा नियमित सुरू झाल्या.

या कार्यशाळांची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. सुरुवातीच्या बैठकांत धर्मग्रंथ, गांधी आणि अन्य विचारवंत यांवर चर्चा होई, शहरातील कोणत्या अन्यायावर आधी बोट ठेवायचे हे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रोजच्या अनुभवांवरून ठरवले जाई, आणि मग भूमिकानाट्य सुरू होई, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाची ठरवून केलेली तालीम. खुर्च्या मांडून उपाहारगृहाचा कट्टा तयार केला जाई. काही विद्यार्थी ग्राहक म्हणून बसत आणि त्यांचेच सोबती गोऱ्या गुंडांची भूमिका घेऊन त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. खाली पडल्यावर डोके कसे झाकायचे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, एकाला जास्त मार बसत असेल तर इतरांनी आपली शरीरे मध्ये घालून तो मार कसा वाटून घ्यायचा, हे पुन्हा पुन्हा करून पाहिले जाई. ज्याला आपण हात उचलू असे वाटे त्याने रांगेत बसायचे नाही, दुसरे काम घ्यायचे, असाही संकेत होता. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये काही जणांनी दुकानांत जाऊन केवळ चाचणी घेतली: बसायचे, नकार ऐकायचा, कारण विचारायचे आणि परत यायचे.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी शहरातील दुकानांच्या कट्ट्यांवर जाऊन बसले. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला आणि अटक झाली ती हल्लेखोरांना नव्हे, ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांना. एक तुकडी पोलीस घेऊन गेले की दुसरी तयार तुकडी त्याच खुर्च्यांवर येऊन बसे. सरळ बसा, तोंड कट्ट्याकडे ठेवा, उलट मारू नका, उलट बोलू नका, अशा अर्थाच्या सूचनांचा छापील कागद त्यांच्या जवळ होता. १९ एप्रिल रोजी त्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, हजारोंचा मूक मोर्चा नगरभवनावर गेला, डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सरळ प्रश्न विचारून भेदभाव अयोग्य असल्याचे जाहीरपणे वदवून घेतले, आणि १० मे रोजी कट्टे सर्वांना खुले झाले. या यशात गोऱ्या बाजारपेठेवर कृष्णवर्णीयांनी टाकलेल्या बहिष्काराचा वाटा मोठा होता, हे विसरता कामा नये. तालमीने जिंकून दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, मात्र तालमीवाचून तो बहिष्कार उभा राहण्याइतके दिवस विद्यार्थी टिकले नसते.

अमेरिकन परंपरेने एक नैतिक अडचणही मागे ठेवली आहे. मे १९६३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरवले गेले, त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसांची कुत्री सोडली गेली, आणि त्या छायाचित्रांनी देशाचे मत हलवले. परिणाम मोठा होता. पण संमती देण्याइतके वय नसलेल्यांना धोक्यात घालण्याचा अधिकार मोठ्यांना कोणी दिला, हा तेव्हा विचारला गेलेला प्रश्न अद्याप अनुत्तरितच आहे. तरुणांसाठी अहिंसा-शिक्षण आखणाऱ्या कोणत्याही संस्थेने वयाची आणि धोक्याची मर्यादा आधी ठरवली पाहिजे, आणि बहुतेक पुस्तिकांत हेच प्रकरण नसते.

भारतात १९८० नंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. परकीय सत्तेऐवजी शेजारचा मोहल्ला समोर आला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभारल्या, म्हणजे दोन्ही समाजांचे स्थानिक रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस यांच्या नियमित बैठका. तेथे मुख्यतः बारीकसारीक तंटे मिटवले जात, आणि त्यातून अफवा उठली की कोणाला विचारायचे हे लोकांना माहीत झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीनुसार ९०० माणसे मेली, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात भारतीय शहरांची तुलना करून जो निष्कर्ष काढला त्यात भिवंडीचा दाखला येतो: शेजाऱ्यांचे रोजचे सलोख्याचे संबंध मोठ्या शहरात अपुरे पडतात, दोन्ही समाजांना बांधणाऱ्या संघटना आणि समित्या असल्या तर दंगल रोखली जाण्याची शक्यता वाढते. मुंबईत दंगलीनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने असेच काम सुरू झाले आणि पोलीस व वस्त्यांतले तरुण यांचे क्रिकेट सामने त्याचा लोकप्रिय भाग बनले. या समित्यांत वडीलधाऱ्या मंडळींचाच भरणा राहिला आणि तरुण बहुधा संघात खेळण्यापुरते आले, ही त्यांची मोठी उणीव म्हटली पाहिजे; दंगलीत रस्त्यावर असतो तो तरुणच.

तिसरा प्रवाह स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज', अर्थात 'मावा', ही संस्था पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलावे या भूमिकेतून निघाली, आणि हरीश सदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून 'युवामैत्री' उपक्रमातून महाविद्यालयीन मुलांना निवासी शिबिरे देऊन तेच पुढे सोबत्यांचे मार्गदर्शक होतील अशी रचना केली. पथनाट्य आणि भित्तिपत्रके ही त्यांची साधने सेवा दलाच्या कलापथकाशी नाते सांगतात. मोजमापाची शिस्तही याच प्रवाहाने आणली. २००८ मध्ये मुंबईच्या ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी झालेल्या लिंगसमभाव कार्यक्रमात काही शाळांत गटचर्चा व मोहीम, काहींत केवळ मोहीम आणि उरलेल्या शाळांत तुलनेसाठी काहीच नाही, अशी विभागणी केली होती. या शेवटच्या शाळांना संशोधनात नियंत्रण गट म्हणतात. जेथे गटचर्चा झाल्या तेथे मुलांचा दृष्टिकोन अधिक बदलला. वर्तनातला बदल मात्र तितका एकसारखा दिसला नाही. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांत सुमारे अडीच वर्षे चाललेल्या अशाच चर्चावर्गांचा प्रभाव दोन वर्षांनंतरही टिकून असल्याचे आढळले. दोन्ही कार्यक्रम शाळेत झाले असले तरी वस्तीसाठी त्यांतून घेण्याजोगी गोष्ट आहे ती कालावधीची: एक भाषण, एक फेरी, एक शपथ यांनी फारसे काही होत नाही, दोन-अडीच वर्षांच्या नियमित बैठकांनी होते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा उल्लेख अहिंसा-शिक्षणाच्या चर्चेत क्वचितच होतो, तो व्हायला हवा. देवाजी तोफा आणि सर्वोदय परंपरेतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची, म्हणजे शेवटच्या माणसाची हरकत मिटेपर्यंत निर्णय न करण्याची, प्रथा पडली, आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवले गेले, जेथे कायदा, जंगल, दारू अशा प्रश्नांचा निर्णयाचे दडपण न ठेवता अभ्यास होई. २००९ मध्ये गावाला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नक्षलवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या जिल्ह्यात एका लहान गावाने हे साधले. मतभेद असलेल्या माणसाला हरवायचे नाही, थांबून त्याचे ऐकायचे, हे तेथल्या तरुणाने बैठकीत बसूनच शिकायचे असते.

हे सारे प्रयोग एकत्र पाहिले असता प्रभावी ठरलेल्या शिक्षणात काही गोष्टी सतत दिसतात: शरीराने केलेला सराव, समोर खरे काम, आणि सराव संपल्यावरही उभी राहणारी स्थानिक समिती किंवा गट. नॅशव्हिलमध्ये पहिल्या दोन गोष्टी होत्या आणि चर्च व महाविद्यालये ही तिसरीची जागा भरून काढत होती. शांतिसेनेत विचार होता, वस्तीतली मुळे कमी पडली. भिवंडीत समिती होती, तरुणांचा सराव नव्हता. नि:शस्त्र चळवळींच्या यशावरचे जागतिक संशोधन व्यापक सहभागाकडे बोट दाखवते. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १९०० ते २००६ या काळातील ३२३ चळवळींच्या अभ्यासात नि:शस्त्र चळवळी सशस्त्र चळवळींच्या सुमारे दुप्पट वेळा यशस्वी झाल्याचे दिसते, आणि त्याचे मुख्य कारण त्या मोठ्या संख्येने सर्व थरांतल्या माणसांना सामावून घेतात हे आहे. मोबाइलवरून पसरणारी अफवा ही आजची मोठी कसोटी असून तिच्यासाठीची तालीम वर पाहिलेल्या प्रयोगांत नाही.

महाराष्ट्रात शिबिरांची वाण नाही. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत सेवा दलापासून छोट्या विश्वस्त संस्थांपर्यंत अनेक जण ती घेतात, मुले भारावून घरी जातात आणि गल्लीत परतल्यावर एकटी पडतात. शिबिर घेणाऱ्या संस्थांनी, त्यांना देणगी देणाऱ्यांनी आणि नगरपालिकांनी पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक करताना निम्मी रक्कम शिबिरानंतरच्या अकरा महिन्यांतल्या साप्ताहिक बैठकांसाठी राखून ठेवावी, आणि त्या बैठकांत कोण आले, कशाची तालीम झाली, वस्तीतला कोणता तंटा हाताळला, याची नोंदवही ठेवावी.